घोड्याच्या गळ्यातील मणी

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. अमरेलीकडील एका विद्यार्थ्याने त्यासाठी घरून घोड्याच्या गळ्यात बांधावयाचा मण्यांचा पट्टा आणला. रुंदी चार बोटे, पांढऱ्या मण्यांच्या भूमीवर हिरवे पोपट व तांबडे घोडे, आणि खाली लोकरीचे गोंडे. त्याखाली आम्ही स्वहस्ते चिठ्ठी लावली : ‘काठी लोकांची प्राचीन कला’. पट्टा परत देताना तो प्रथमच उलटून पाहिला, तो अस्तर गिरणीच्या कापडाचे! त्या ‘प्राचीन’ विशेषणाची दुरुस्ती करणे आम्हांस तेव्हापासून भाग होते.

घोड्याचा गळा सजविण्याची चाल जुनी आहे, यात संशय नाही. आपल्या जुन्या मराठीत त्या अलंकारास हैकल म्हणत. हा शब्द फारसीत ताइताच्या अर्थानेही येतो. तेव्हा शोभेबरोबर दृष्ट टाळण्याचा हेतूही त्यात असावा. परंतु काठेवाडी पट्ट्यातील मणी निराळे. त्यांस तिकडे ‘कीडियां’ म्हणतात, म्हणजे मुंगीएवढे. आणि ही मुंगी फार दूरची आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या तापल्या गोळ्यात पोकळी करून दोन माणसे तो दोहोंकडून ओढीत धावत. त्यातून लांबच लांब नळी निघे. तिचे बारीक तुकडे पाडून ते पुन्हा उष्णतेने गोल करीत. हे मणी पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात नाण्यासारखे चालत, आणि झांझिबारशी व्यवहार असलेल्या कच्छ-सौराष्ट्राच्या व्यापाऱ्यांनी ते आपल्या बंदरांत आणले. या कामाचे आज उपलब्ध असलेले बहुतेक नमुने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले व त्यानंतरचे आहेत.

गुंफण्याची रीत पाहण्याजोगी आहे. प्रथम कापड लागतच नाही. सुईने एका वेळी दोन-तीन मणी उचलून दोरा मागील ओळीच्या मण्यातून परत काढावयाचा, की षट्कोनी घरांची जाळी तयार होत जाते. येथे चित्र हे रेखाटलेले नसून मोजलेले असते. पोपटाची चोच कोणत्या मण्यास सुरू झाली हे विणणारीने ध्यानात धरले पाहिजे. एक मणी चुकला की पुढील सर्व ओळी तिरक्या. मग तेथवर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. (आमच्या गणिताच्या वर्गात इतकी निर्दय तपासणी आम्ही कधी केली नाही.) जाळी पुरी झाल्यावर ती अस्तरावर शिवतात, कारण काच जड, आणि घोडा काही मान स्थिर ठेवणारा प्राणी नव्हे.

आता प्रश्न असा, की हे वैभव घोड्याच्या गळ्यात याच काळात का आले? मराठी वाचकांचा येथे थोडा संबंध पोहोचतो. काठी लोकांवरून सगळ्या द्वीपकल्पास काठेवाड हे नाव रूढ केले ते मराठ्यांनी. मुलूखगिरीच्या फौजा दरसाल खंडणीसाठी तिकडे जात, आणि काठी स्वारांच्या धाडीही प्रसिद्ध होत्या. १८०७ साली कर्नल वॉकर गायकवाडांच्या फौजेसह गेला, खंडणीचे आकडे कायम झाले, आणि शेजाऱ्यास लुटणार नाही असे जामीन संस्थानिकांकडून लिहून घेण्यात आले. बहारवटे पुढेही चालू राहिले, हे खरे. तथापि स्वाराचा पेशा म्हणून धाड हळूहळू संपली. आमचे अनुमान असे, की घोडा लढाईतून मोकळा झाला तेव्हा तो मिरवणुकीत आला. रात्री दौडत जाणाऱ्या घोड्याला काचेच्या मण्यांचे आणि गोंड्यांचे ओझे कोण घालील? वरातीच्या घोड्याला मात्र ते शोभते. आणि हे काम मुली आपल्या आंदणासाठी करीत, ही गोष्ट या अनुमानास पोषकच आहे. शस्त्रागारातून नव्हे, माजघरातून हा साज निघाला.

आमच्या दप्तरांत घोड्यांची मोजदाद सापडते, त्यांच्या किमती सापडतात, थैलीतील रुपये सापडतात. मणी मोजणारीचे नाव कोठेच नाही. त्या विद्यार्थ्यास आम्ही विचारले, हा पट्टा कोणी केला? तो म्हणाला, पणजीने, माहेरी असताना. घोडा कोणता होता? त्यास ठाऊक नव्हते; घरात त्याच्या आजोबांच्या आठवणीतही घोडा नव्हता. पट्टा दाराच्या तोरणाशेजारी खिळ्याला टांगलेला असे, आणि दिवाळीत तेवढा पुसून ठेवीत.