पेंढा, भुसा आणि पाचट

स्वयंपाकघरात तेल सांडले तर घरची आजी त्यावर पाणी ओतीत नाही. मूठभर राख किंवा कोंडा टाकते, तो तेल प्याला की भरून उचलते. समुद्रावर तेल सांडल्यावर मात्र हे साधे शहाणपण मोठमोठ्या राष्ट्रांनाही चटकन सुचले नाही.

१८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅन्यन हे प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर चढले. पोटात कुवेतचे सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल! उरलेले तेल जळून जावे म्हणून इंग्रजांनी जहाजावर विमानांतून बाँब टाकविले, आणि समुद्रावर व किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले. तेल दिसेनासे झाले खरे. पण त्या काळची ती रसायने तेलापेक्षाही जहाल निघाली. खडकांना चिकटून राहणारे लिंपेट नावाचे शिंपलेवाले जीव मेले आणि चरणारे कोणी न उरल्याने खडकांवर हिरवे शेवाळ माजले. रसायन न पडलेले खडक दोनतीन वर्षांत सावरले; जेथे ते फार पडले तेथे दहांहून अधिक वर्षे लागली.

तेच तेल एप्रिलमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतास लागले. तेथे कालवांची शेती. रसायनाने कालवे जातील या भयाने फ्रेंचांनी किनाऱ्यावर पेंढा आणि लाकडाचा भुसा पसरला व तेलासकट उचलला. (खोल समुद्रात मात्र त्यांनी खडूची भुकटी टाकून तेल तळाशी बुडविले. ते मला पटत नाही. डोळ्याआड झालेले तेल नाहीसे होत नाही.)

पेंढा तेल का पितो? काडीवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. मेण पाण्याला दूर ठेवते, तेलाला जवळ करते. आणि काड्यांमधल्या फटींत तेल चढते ते समईच्या वातीत चढते तसेच. आपल्या वजनाच्या कित्येक पट तेल तो धरतो. पण फार वेळ राहिला तर पाणीही पितो आणि बुडतो, म्हणून वेळेवर उचलणे आलेच. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रातील तेलविहीर फुटली, तेव्हा पेंढाच पसरला गेला आणि तो गोळा करण्यास तुरुंगातील कैदीदेखील आणावे लागले. पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंच्या गाद्या निघाल्या. त्या पाणी जवळजवळ पीतच नाहीत. पण संकटाच्या दिवशी त्या हाताशी असाव्या लागतात.

मॉरिशसला २०२० साली त्या पुरेशा नव्हत्या. २५ जुलैला वाकाशियो हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळखडकावर चढले आणि ६ ऑगस्टपासून सुमारे १,००० टन इंधनतेल पाण्यात गेले. आपली मराठी कुळे एकोणिसाव्या शतकात जेथे गेली ते हे बेट, बेट उसाचे. सरकारने काम अधिकाऱ्यांवर सोडा म्हटले, पण लोक थांबले नाहीत. त्यांनी शेतांतले पाचट आणून कापडाच्या लांब नळ्यांत ठासले, तरंगावे म्हणून रिकाम्या बाटल्या घातल्या, आणि माहेबूरच्या किनाऱ्यावर बसून शिवलेले ते अजगर पाण्यात सोडले. काहींनी केसही कापून दिले. केस किती तेल पितात, हे दिवाळीच्या पहाटे डोके चोळून घेतलेल्या कोणासही ठाऊक आहे.