शेंगदाणा आपला कसा झाला

गेल्या आषाढी एकादशीला मी कढईत दाणे भाजत होतो. शेजारी उभ्या नातीने विचारलं, "आजोबा, ज्ञानेश्वर महाराजही उपासाला साबुदाण्याची खिचडीच खायचे का?" निवृत्त प्राध्यापकाला घरात असा प्रश्न क्वचितच मिळतो.

उत्तर आहे, नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. भुईमूग, बटाटा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. वरी आणि शिंगाडा मात्र आपल्याकडचे जुने. खिचडीत तूप, जिरं, मीठ तेवढं जुनं. बाकी बहुतेक सगळं समुद्रापलीकडून आलेलं.

या पाहुण्याला आपण नाव दिलं भुईमूग. नाव अगदी नेमकं आहे. फूल जमिनीवर येतं, मग आऱ्या मातीत शिरतात आणि शेंग भुईत भरते. इंग्रजीने त्याला 'नट' म्हटलं, मराठीने मुगाच्या पंगतीत बसवलं. वनस्पतिशास्त्र मराठीच्या बाजूने आहे: भुईमूग हे कडधान्यांच्याच कुळातलं पीक.

पुढचं काम स्वयंपाकघराने केलं. कच्च्या दाण्याला हिरवट वास असतो. मंद आचेवर आधी त्यातलं पाणी उडतं, मग साखर आणि प्रथिनं यांची प्रक्रिया होऊन तो खमंग होतो. लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही प्रक्रिया १९१२ साली मांडली. आच मोठी केली, तर साल करपते आणि दाणा आत कच्चा राहतो. गॅस बंद केला तरी तापलेली कढई भाजतच राहते, म्हणून दाणे लगेच ताटात काढायचे. गार झाले की चोळायचे, पाखडायचे, जाडसर कुटायचे. माझ्या आईला मायार ठाऊक नव्हता. बाकी सगळं ठाऊक होतं.

इथे अमेरिकेतही दाण्याचा प्रवास सरळ नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत त्याला 'गूबर' म्हणतात. हा शब्द गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या भाषेतला. तिथे शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात. आपण दाणे भाजून कूट करतो.

"मग हे आपलं नाहीच?" नातीने विचारलं. आहे. कुठून आलं यापेक्षा, किती पिढ्यांनी कढईपाशी उभं राहून ते भाजलं, यावर ते ठरतं.

दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी येते आहे. त्या दिवशी दाणे तिने भाजायचे, असं आमचं ठरलं आहे.