लकवा झाल्यावर घास का अडकतो? गिळण्याच्या त्रासावर कोणते उपचार असतात?

घरात कुणाला लकवा झाला की लक्ष जातं ते वाकड्या तोंडाकडे आणि लुळ्या हातापायाकडे. घशाकडे सहसा कुणी पाहत नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. डॉक्टर याला 'डिस्फेजिया' म्हणतात. बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, पण तोवर काळजी घ्यावीच लागते.

नेमकं काय बिघडतं?

घास उतरताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. मेंदूला इजा झाली की ते वेळेवर बंद होत नाही. मग पाणी किंवा अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना अशा वेळी ठसकाही लागत नाही. त्यामुळे 'खोकला नाही, म्हणजे सगळं ठीक' असं समजू नये.

लक्षणं कोणती?

• जेवताना ठसका लागणं
• जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होणं
• लाळ गळणं, गालात घास साचून राहणं
• वारंवार ताप येणं, वजन घटणं

पहिला नियम

लकव्याची शंका आली की 108 वर फोन करावा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये. तपासणीत ठरावीक पाणी पाजून पाहतात. गरज पडल्यास बेरियम देऊन एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी होते.

उपचार कसे होतात?

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं सुधारतात असं नाही, गिळण्याचे उपचारही तेच करतात. यात दोन भाग असतात.

युक्त्या: हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं, मान लुळ्या बाजूला वळवून गिळणं, पातळ पदार्थ घट्ट करून देणं. यामुळे घास सुरक्षित उतरतो.

व्यायाम: जोर लावून गिळणं, गिळताना कंठमणी वर गेला की काही क्षण तिथेच धरून ठेवणं, किंवा उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं पाहणं. यामुळे स्नायूंना बळ येतं. कोणता व्यायाम कुणाला चालेल हे तपासणीनंतरच ठरतं. मानेचा त्रास असल्यास शेवटचा व्यायाम टाळतात.

तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून नळी घालतात. गरज जास्त काळ राहिली तर पोटातून नळी बसवतात.

ताटात काय असावं?

साधं पाणी पातळ असल्याने घशात वेगाने उतरतं, म्हणून तेच अनेकांना जड जातं. ताकात कुस्करलेली भाकरी मऊ वाटते, पण पातळ आणि गोळे एकत्र आल्याने तीही अवघड ठरते. शेगावची कचोरी किंवा कोरडी भाकरी तूर्त नको. घोटलेला वरण-भात, गुठळ्या नसलेलं घट्ट पिठलं किंवा ज्वारीची दाट आंबील तपासणीनंतर सल्ल्याने देता येते.

भरवताना रुग्णाला ताठ बसवावं, छोटा घास द्यावा आणि घाई करू नये. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. तोंड रोज स्वच्छ करावं, कारण तोंडातले जंतू फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

कुठे विचारायचं?

बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, खामगावचं सरकारी रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे चौकशी करता येईल. रुग्णाला घरी नेण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारावेत: गिळण्याची तपासणी झाली का? काय आणि किती घट्ट द्यायचं? पुन्हा कधी दाखवायचं?