कोअरबूट : जुन्या मदरबोर्डांची निवृत्ती

संगणक सुरू होताच प्रोसेसर व मेमरी कामाला लावणारे मुक्त फर्मवेअर. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९ मध्ये ‘लिनक्सबायॉस’ नावाने सुरुवात; २००८ पासून सध्याचे नाव. मेमरी चालू होण्याआधी सी भाषेतील कोडला लागणाऱ्या स्टॅकला जागाच नसते. म्हणून सुरुवातीचा सी कोड निव्वळ प्रोसेसरच्या रजिस्टरांवर भागवणारा ‘रोमसीसी’ हा खास कंपायलर लिहिला गेला. पुढे कॅशेच तात्पुरती मेमरी म्हणून वापरात आली. नोव्हेंबर २०१९ च्या ४.११ आवृत्तीनंतर सुरुवातीच्या कोडच्या नव्या रचनेत न बसणारे बोर्ड मुख्य शाखेतून वगळले गेले. निर्णय कठोर, पण रास्त होता. सांभाळणारा कोणी नसलेला कोड सगळ्यांचेच काम अडवतो. बंदिस्त कोडशिवाय चालणारा, म्हणून अनेकांचा लाडका असूस केजीपीई-डी१६ हा सर्व्हर बोर्डही त्यात गेला. लिबरबूट प्रकल्पाने मात्र जुन्या शाखेच्या आधारे तो चालू ठेवला.