खापर कोणावर?

मेव्हण्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन घाट चढताना खट्‌खट् करू लागलं. मेकॅनिकने नुकत्याच बदललेल्या प्लगांवर खापर फोडलं. बँकेतही हिशेब जुळेना की आधी नवा कारकून धरतात!

१९१२ च्या कॅडिलॅकचंही हेच झालं. चार्ल्स केटरिंगसाहेबांनी तिला सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीचं इग्निशन दिलं. इंजिन ठोके देऊ लागलं, आळ बॅटरीवर! साहेबांनी थॉमस मिजलीला तपासाला बसवलं. वाटलं, इंधन लाल केलं तर ते उष्णता शोषून नीट जळेल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून १९१६ साली आयोडीन ओतलं. ठोके कमी! मग खरे लाल रंग घातले, तर खट्‌खट् तशीच. तर्क खोटा ठरला, पण चोर पक्का झाला: इंधनच. ठिणगीने पेटल्यावर उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकत होतं.

१९२१ साली शिशाचं औषध सापडलं. इंजिनं गप्प झाली. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी पुढे कित्येक वर्षं ते विकलं गेलं. भारतातून ते २००० साली गेलं, जगातल्या पंपांवरून २०२१ साली.

मेव्हण्यांनी जास्त ऑक्टेनचं, बिनशिशाचं पेट्रोल भरलं; खट्‌खट् थांबली, प्लग निर्दोष सुटले. जुना हिशेब मात्र जुळत नाही. इंजिनांच्या खाती शांतता जमा. शिसं पोरांच्या मेंदूच्या नावे!