चिकटते घट्ट, सुटते अलगद

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी कोवळी असते, की नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी काढताना तिचा वरचा थरही सोलून निघू शकतो. घट्ट चिकटवणे शास्त्राला साधले आहे. कठीण आहे ते सोडवणे. या दृष्टीने पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे जाळे, म्हणजेच हायड्रोजेल, आश्वासक ठरत आहे. अमेरिकेतील 'एमआयटी'चे झुआनहे झाओ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ओल्या ऊतींना काही सेकंदांत चिकटणारा असा पदार्थ मांडला. सोडा (स्वयंपाकघरातलाच!) आणि शरीरात आढळणारे ग्लुटाथायोन यांचे द्रावण लावले, की तो काही मिनिटांत सुटतो. ग्लुटाथायोन डायसल्फाइड बंध तोडते, सोडा हायड्रोजन बंध सैल करतो. अर्थात, हे प्रयोग प्राण्यांच्या ऊतींवर, टाक्यांना पर्याय म्हणून झाले होते. बाळांच्या त्वचेवर नव्हे.