मणिकर्णिकेचा घाट आणि संगणकावरील फुटबॉलचा कारभार

संगणकावरचे फुटबॉलचे खेळ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात आपण स्वतः खेळाडू होऊन चेंडू मारतो. दुसऱ्या प्रकारात चेंडूला पाय लावायचाच नसतो. संघाचा मॅनेजर होऊन खेळाडू निवडायचे, त्यांचे करार व पगार ठरवायचे, सरावाची आखणी करायची, आणि सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहून निकालाची वाट पाहायची. या दुसऱ्या प्रकाराला मॅनेजमेंट सिम्युलेशन म्हणतात. देशाबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना हे खेळ चांगलेच परिचयाचे आहेत, आणि कित्येक घरांत आईवडीलही ते खेळतात. साहजिकच प्रश्न निघतो, की यांतला खरोखर वास्तव खेळ कोणता?

उत्तर देणारे बहुधा मैदानाच्या चित्रांबद्दल, खेळाडूंच्या चेहऱ्यांबद्दल आणि प्रेक्षकांच्या गलक्याबद्दल बोलतात. माझ्या मते हा प्रश्न संगणकाचा कमी आणि प्रशासनाचा अधिक आहे. दुरून, अपुऱ्या माहितीवर, दुसऱ्यांच्या हातून काम करवून घेणे म्हणजे कारभार. ही अडचण ज्या खेळात उतरली असेल तो वास्तव मानावा. ती अडचण नेमकी कशी असते, हे समजण्यासाठी मराठी वाचकाला जवळचे असे उदाहरण काशीच्या मणिकर्णिका घाटाचे आहे.

मणिकर्णिकेवर मराठ्यांनी बांधकाम केले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते कोणत्या परिस्थितीत केले, याचा विचार फारसा करीत नाही. १७३० च्या दशकात थोरल्या बाजीरावांच्या आश्रयाने आणि सदाशिव नाईक यांच्यामार्फत या घाटाचे काम झाले. त्या वेळी काशीवर अंमल अवधच्या नवाबाकडे होता. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला गेल्या, त्या परमुलखातून गेल्या. काशी आणि प्रयाग आपल्या ताब्यात यावेत, ही पेशव्यांची इच्छा अखेरपर्यंत पुरी झाली नाही.

पुढे अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये हा घाट नव्याने बांधविला असे सांगितले जाते. विश्वनाथाचे मंदिर त्यांनी त्याआधीच, १७८० च्या सुमारास, उभे केले होते. त्यांची राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला. काशी १७७५ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली होती. १७८१ मध्ये राजा चेतसिंहाचा उठाव होऊन मोडला होता, आणि १७९१ मध्ये तेथे कंपनीचा रेसिडेंट म्हणून जोनाथन डंकन बसला होता. हाच डंकन पुढे १७९५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे अहिल्याबाईंना काशीत सत्ता नव्हती, सैन्य नव्हते, महसूल नव्हता. होती ती तीनच साधने: स्वतःच्या खासगीतला पैसा, पारखून नेमलेली माणसे, आणि पत्रव्यवहार.

या कामाचे स्वरूप डोळ्यांपुढे आणून पाहावे. गंगेला पावसाळ्यात पूर येतो आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायचा आणि पुढच्या पुरापूर्वी जमेल तेवढे काम उरकायचे. दगड चुनारचा, तो नदीमार्गे यायचा. मणिकर्णिकेवर तर चिता अखंड जळत असतात. तेथील अंत्यविधीची व्यवस्था डोम समाजाच्या परंपरागत हक्कात असते, आणि घाटावरच्या पुरोहितांचे हक्क आणखी वेगळे. या कोणालाही न दुखावता काम पुढे न्यायचे. खर्च वाढला, गवंडी सोडून गेला, दगड वेळेवर आला नाही, यातले महेश्वरला काय कळायचे? काशीच्या माणसाने जे लिहिले तेवढेच, आणि तेही कित्येक दिवसांनी. उत्तर परत पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असायची. अशा वेळी वरिष्ठाचे खरे कौशल्य आज्ञा देण्यापेक्षा माणूस निवडण्यात आणि त्याच्या पत्रातल्या न लिहिलेल्या गोष्टी ओळखण्यात असते.

याच घाटाला लागून असलेला शिंदे घाट याची दुसरी बाजू दाखवितो. १८३० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी येथे भव्य बांधकाम करविले. पैशाची वाण नव्हती, इच्छाशक्तीही होती. पण दगडाचा भार काठच्या जमिनीला पेलला नाही आणि ते बांधकाम खचले. शेरिंग या मिशनऱ्याने १८६८ मध्ये काशीवर ग्रंथ लिहिला, त्यात या खचण्याचे वर्णन आहे. दुरुस्ती पुढे विसाव्या शतकात झाली. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे कललेले मंदिर तर आज प्रवाशांच्या छायाचित्रांचा विषय झाले आहे. वरून सर्व हिशेब बरोबर असताना पायाखालची जमीन काय म्हणते हे कळले नाही, तर काय होते, याचा हा धडा आहे.

यावरून दूरच्या कारभाराची चार लक्षणे काढता येतील. माहिती अपुरी असते, काम इतरांच्या हातून होते, आज्ञा व परिणाम यांत वेळ जातो, आणि झालेली चूक पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. आता या कसोटीवर खेळ पाहू.

ही कसोटी खेळाच्या रूपात प्रथम नीट उतरविली ती प्रशियाच्या सैन्याने. राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ वरिष्ठांना दाखविला. त्यात दोन्ही पक्षांनी आपल्या आज्ञा लेखी स्वरूपात पंचाकडे द्यायच्या. शत्रूचे जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच दाखवी, आणि निरोप पोहोचायला लागणारा वेळ हिशेबात धरी. बुद्धिबळात दोघांनाही सारा पट दिसतो आणि प्यादे सांगितल्या घरात मुकाट जाऊन बसते. राइसविट्झच्या खेळात यातले काहीच गृहीत नव्हते. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याला स्थान मिळाले ते यामुळेच.

फुटबॉलमध्ये ही कल्पना आणली इंग्लंडमधील केव्हिन टॉम्स यांनी. त्यांचा 'फुटबॉल मॅनेजर' १९८२ मध्ये त्या काळच्या छोट्या घरगुती संगणकांसाठी निघाला. नंतर पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये आला. त्यात चित्रे जवळजवळ नव्हतीच. सामना म्हणजे पडद्यावर उमटणारी वाक्ये. तरीही लोकांनी रात्री जागून तो खेळला, कारण संघाच्या अडचणी खऱ्या वाटत होत्या. १९९४ मध्ये या भावांनी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. प्रकाशक आयडॉसशी २००३ मध्ये फारकत झाल्यावर जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि कंपनीचा खेळ २००४ पासून सेगातर्फे 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने येऊ लागला. सामना वरून पाहिलेल्या ठिपक्यांच्या रूपात २००३ मध्ये दिसू लागला, आणि त्रिमितीत २००८ च्या अखेरीस. वास्तवतेचा पाया मात्र त्याआधीच घातला गेला होता, आणि तो चित्रांचा नव्हता, माहितीचा होता.

ही माहिती कशी जमते, हे प्रशासनातल्या माणसाने अवश्य पाहावे. जगभर पसरलेले हजारांहून अधिक स्थानिक निरीक्षक आपापल्या भागातील खेळाडूंना १ ते २० असे गुण देतात. वेग, पास, धैर्य, एकाग्रता, प्रत्येकाचा वेगळा आकडा. कामगिरीतले सातत्य किंवा दुखापतीची प्रवृत्ती असे काही आकडे खेळणाऱ्याला दिसतच नाहीत. परक्या संघातल्या खेळाडूचे दिसणारे गुणही आपला निरीक्षक पाठविल्याशिवाय पुरते उघड होत नाहीत. ही माहिती इतकी मोलाची ठरली की, २००८ मध्ये एव्हर्टन या नामांकित क्लबाने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरण्याचा करार केला.

पण माहिती देणारा शेवटी माणूसच असतो. २००१ च्या आवृत्तीत पोर्तुगालमधील एका लहान क्लबाचा टो मडेरा नावाचा खेळाडू होता. जगभरच्या खेळाडूंनी त्याला विकत घेतले आणि त्याने गोलांचा पाऊस पाडला. प्रत्यक्षात असा फुटबॉलपटू नव्हताच. स्थानिक पातळीवरून आलेल्या माहितीतच तो घुसला होता. रोजगार हमीच्या हजेरीपटावरील बोगस मजूर किंवा शिधापत्रिकेवरची नसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कागद व्यवस्थित भरलेला असतो, बेरीज बरोबर असते, फक्त माणूस नसतो. तक्ता जितका सुबक, तितकी त्याची शहानिशा करण्याची इच्छा कमी होते. आजच्या संगणकीय प्रशासनातला हा मोठा धोका आहे, आणि जिल्ह्याचे आकडे पडद्यावर पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

तेव्हा खेळ निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते.

१) खेळ आपल्यापासून काही लपवितो का? सर्व खेळाडूंची सर्व माहिती पहिल्याच दिवशी उघड असेल, तर तो कारभार नसून बाजारातली निवड आहे.

२) सहायक, प्रशिक्षक, निरीक्षक यांच्यावर काम सोपविता येते का, आणि त्यांच्या कुवतीप्रमाणे निकाल बदलतो का?

३) संचालक मंडळ, कर्ज, नियम, कायदे यांचे बंधन आहे का? 'फुटबॉल मॅनेजर'च्या २०१७ च्या आवृत्तीत ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचे निरनिराळे संभाव्य परिणाम घातले होते. परदेशी खेळाडूला वर्क परमिट मिळेल की नाही, हा प्रश्न त्यात मॅनेजरपुढे उभा राहतो. व्हिसाच्या कागदांसाठी स्वतः ताटकळलेल्या वाचकांना यातली वास्तवता समजावून सांगायला नको.

४) वेळ खर्ची पडतो का? स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेला 'हॅट्ट्रिक' दिसायला अगदी साधा आहे. पण त्यात साखळीचा सामना आठवड्यातून एकदाच होतो, समोर दुसरा खराखुरा माणूस असतो आणि हरलेला सामना पुन्हा खेळता येत नाही. चौथ्या लक्षणावर तो महागड्या खेळांपेक्षा सरस उतरतो.

या कसोट्यांवर 'फुटबॉल मॅनेजर' मालिका आजही पुढे आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची प्रतिस्पर्धी मालिका २०१३ मध्ये बंद पडली. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हलाही २०२५ ची आवृत्ती अपेक्षित दर्जाची न झाल्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द करावी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढची आवृत्ती आली आणि तीत प्रथमच महिलांचे फुटबॉल समाविष्ट झाले. मात्र ज्यांना इतका पसारा नको असेल त्यांनी जुनी २००१ ची आवृत्ती पाहावी. चाहते तीत आजही नव्या खेळाडूंची माहिती भरीत असतात.

तरीही काही वास्तव या खेळांच्या आवाक्याबाहेर राहते. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी साखळीच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केले, आणि सुमारे दहा दिवसांनी ते मागे घेतले. २०२५ मध्ये महासंघ व व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला, आणि देशाच्या अव्वल साखळीचा हंगामच लांबणीवर पडला. कोल्हापुरात संघ तालमींचे असतात, आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात पेठेची इभ्रत पणाला लागते. ती इभ्रत १ ते २० च्या मापात बसत नाही. मॅनेजर कितीही निष्णात असो, ज्या संस्थेच्या जमिनीवर तो उभा आहे ती खचली तर त्याची रणनीती व्यर्थ. शिंदे घाटाचे दगड हेच सांगतात.

म्हणून पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. खेळ विकत घेतल्यावर मुलगा किंवा मुलगी तो कसा खेळते, हे अधूनमधून पाहावे. ओळीने चार सामने हरल्यावर जुनी साठवलेली स्थिती पुन्हा उघडून पराभव पुसून टाकला जातो, की त्याच संघातून, त्याच पैशांत, त्याच माणसांसह मार्ग काढला जातो? दुसरी सवय लागली, तर मुलांच्या हाती कारभाराचे थोडे शिक्षण लागले असे समजावे. आणि पुढे कधी काशीला जाणे झाले, तर मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर त्यांना जरूर न्यावे. अहिल्याबाईंचे नाव आपण सारे घेतोच. पुराच्या आधी दगड बसविणाऱ्या आणि महेश्वरला खरी हकीकत लिहून पाठविणाऱ्या माणसांची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण घाट उभा राहिला तो त्यांच्यामुळेही, हे तेथे मुलांना सांगावे.